बाभूळवस्तीचं संथ इंग्रजी

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि शिरूर तालुक्यात इंग्रजी भाषा मी आणली. तुम्ही म्हणाल, ती साहेबानं आणली. साहेब दीडशे वर्षं देशात होता, पण बाभूळवस्तीला आला नाही. मी आलो. मी आणलेली सगळी वाक्यं मिळून एका फळ्यावर मावत, आणि त्यातलं एक तर नुसतं 'थँक्यू' होतं. पण मित्रांनो, आरंभ लहानच असतो.

कवठे येमाई सोडून थोडं पुढे आलं की बाभूळवस्ती लागते. म्हणजे एसटीच्या कंडक्टरला आठवण करून दिली तर लागते. इथली माणसं पूर्वी मेंढरं घेऊन कोकणात उतरत. आता बहुतेकांनी शेती धरली आहे. काही अजून दिवाळीनंतर निघतात. शाळा चौथीपर्यंत, खोली एक आणि शिक्षक एक, मच्छिंद्र गुरुजी.

दोन हजार साली सरकारनं ठरवलं की इंग्रजी पहिलीपासून शिकवायचं. गुरुजींनी इंग्रजी वाचलं होतं, ऐकलं नव्हतं. म्हणून तालुक्याहून मला पाठवलं, पोटात धड्यांची कॅसेट घालून. गुरुजींनी एसटीत मला मांडीवर घेतलं. शाळेत नारळ फुटला. पाणी आत जाऊ नये म्हणून मला टॉवेलात गुंडाळलं होतं, त्यामुळे माझं स्वागत मला दिसलं नाही, पण झालं चांगलं असावं.

माझी शिकवण्याची पद्धत अशी. कॅसेटमधल्या बाई प्रश्न विचारत, "व्हॉट इज युवर नेम?" मग गप्प बसत, म्हणजे मुलांनी उत्तर द्यायचं. मग बाई स्वतः बरोबर उत्तर सांगत. त्या मधल्या शांततेत सगळा वर्ग माझ्याकडे बघे. मित्रांनो, फार कमी यंत्रांच्या नशिबी असं बघणं येतं. गुरुजीही उत्तर देत, पण फळा पुसण्याच्या निमित्तानं पाठ करून, हळू आवाजात. त्यांना वाटे, कुणाला कळत नाही.

एक अडचण मात्र होती. शाळा भरली की शिवारातल्या पाण्याच्या मोटारी सुरू होत. विजेचा दाब उतरे आणि माझी चाकं जड होत. बाईंचा आवाज बसे, एखाद्या आजारी पैलवानासारखा येई. "व्हॉऽऽट इऽऽज..." मुलांनी दुसरं इंग्रजी ऐकलंच नव्हतं. तीही तसंच बोलत. "माऽऽय नेऽऽम इऽऽज प्रगती." नाव चटकन येई, कारण ते मराठीत होतं.

पुढे तपासणीला साहेब आले. सगळी शाळा खोल आवाजात त्यांना "गुऽऽड मॉऽऽर्निंग" म्हणाली. साहेब म्हणाले, "उच्चारांना वजन आहे." गुरुजींना तालुक्याला शाल मिळाली. ती त्यांनी परत येऊन माझ्या अंगावर घातली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू हायेस म्हणून मी हाय." मी ते खरं धरलं. यंत्रांना ही खोड असते.

प्रगती ही भैरूंची मुलगी. माझ्याबरोबरच पहिलीत आली आणि बघता बघता चौथीत गेली. त्या वर्षी शिरूरला मुलांची इंग्रजी संभाषणाची स्पर्धा ठरली. गुरुजींनी तिचं नाव घातलं आणि भैरूंना शाळेत बोलावलं.

"भैरूआप्पा, पोरगी हुशार हाय. पुढं कवठ्याला पाचवीत घाला."

"आन् मेंढरं कोण राखील? तिचा चुलता एकटा पडतोय."

"स्पर्धेत नंबर आला तर?"

भैरूंनी बराच विचार केला. "आला तर घालतो. न्हाई आला तर मेंढरं हायतीच. मग मागं बोलायचं न्हाई, गुरुजी."

"न्हाई बोलत. रोज शाळा सुटल्यावर टेप तिचा. ह्यात बदल न्हाई."

असा ठराव माझ्यासमोर झाला. रोज शाळा सुटे, प्रगती माझ्यापुढे मांडी घालून बसे. नाव झालं, गाव झालं, आवडतं फळ झालं. तिला आंबा आवडत असे, पण बाई 'ॲपल' म्हणत, म्हणून तिनंही ॲपल धरलं. आता आई-वडिलांचा धडा तेवढा राहिला होता.

आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. बाळासो उभे होते. त्यांचा प्रचार त्यांचा पुतण्या संपत बघत असे. एका दुपारी दोघं जीप घेऊन शाळेत आले.

"गुरुजी, टेप न्यायचा हाय. भोंग्याला जोडायचा," बाळासो म्हणाले.

"पोरीची स्पर्धा जवळ आली, बाळासो."

"मतदान झालं की आणून देतो. तुमचं घर दौंडला ना? बायको-पोरं तिकडं, तुम्ही इकडं हातानं भाकरी थापताय. मेव्हण्याला सांगू का झेडपीत, बदलीचं?"

गुरुजी फळा पुसायला वळले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. पाठ तशीच ठेवून म्हणाले, "जपून न्या."

संपतनं माझं पोट उघडलं. "काका, कोरी कॅसेट आणायची राहिली. ही कसली हाय, गुरुजी?"

"इंग्रजीची."

"म्हंजी रिकामीच की," संपत म्हणाला. कॅसेटवर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून तिच्या कडेला एक भोक ठेवलेलं असतं. त्यात त्यानं कागदाचा बोळा कोंबला. गुरुजी बघत होते. गुरुजी काहीही बोलले नाहीत. मित्रांनो, मला पडण्याचं, धुळीचं भय होतं. या गप्प बसण्याचं नव्हतं, कारण ते कारखान्यात कुणी तपासून दाखवलं नव्हतं.

पुढचे दिवस मी जीपच्या टपावरच्या भोंग्याला बांधलेला होतो. कपबशी हे चिन्ह होतं. ते मी इतक्या वेळा सांगितलं की मीही मत दिलं असतं. बाळासो निवडून आले. गुलाल माझ्या बटणांत अजून आहे. माझे आभार कुणी मानले नाहीत. ते मतदारांचे मानण्याची पद्धत आहे.

मला शाळेत आणून ठेवलं तेव्हा स्पर्धा उद्यावर आली होती. गुरुजी बदलीच्या कामाला तालुक्याला गेले होते. प्रगतीनं धडा लावला. बाईंनी विचारलं, "व्हॉऽऽट डज युऽऽवर फाऽऽदर डूऽऽ?" शांतता झाली. आणि मग माझ्या तोंडून संपत ओरडला, "कपबशी! बाळासोंना विजयी करा!"

प्रगती आधी खुदकन हसली. मग तिनं कॅसेट पुढे पळवली. तिथेही कपबशी होती. उलटी बाजू लावली. तिथेही. मग ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बापलेक एसटीनं परत आली आणि वाटेतल्या शाळेत थांबली. खिचडी शिजवणाऱ्या सिंधूबाई पातेलं घासत होत्या.

"गुरुजी हायती का?" भैरूंनी विचारलं. "शिरूरला आलेच न्हाईत."

"गुरुजी गेलं की दौंडला. कागद आला बदलीचा. सकाळच्या गाडीनं गेलं. तुमचं काय झालं?"

"काय व्हायचं. ही बोलाया लागली आन् सभागृह हासाया लागलं, लईच सावकाश बोलती म्हणून. मग गप झालं. समदं बरोबर सांगत व्हती. मग त्या बाईनं काय तरी इचारलं, आन् ही मुकीच झाली." भैरू मुलीकडे वळले. "काय इचारलं व्हतं गं?"

"बाप काय करतो."

"आरं देवा. मग सांगायचं की, मेंढरं राखतो."

"इंग्रजीत सांगायचं व्हतं, आबा."

भैरू पायरीवर बसले. म्हणाले, "मला काय म्हंत्यात इंग्रजीत?"

"ते टेपात व्हतं. पुसलं त्यांनी."

"बघ की. कुठंतरी ऱ्हायलं आसंल."

प्रगतीनं कॅसेट मागे पळवली आणि बटण दाबलं. बाईंनी विचारलं, "व्हॉऽऽट डज युऽऽवर फाऽऽदर डूऽऽ?" बाप पुढे वाकला. आणि वीज गेली.

तिघं अंधारात थोडा वेळ थांबली. भारनियमन होतं, ती लवकर यायची नव्हती. "चल," भैरू म्हणाले. त्यांनी बोल लावला नाही. त्यांचा शब्द त्यांनी पाळला, एवढंच. सिंधूबाईंनी माझी वायर काढली आणि मी होतो तसाच मला कपाटात सरकवलं.

जूनमध्ये पाचवीची पोरं कवठ्याला जाऊ लागली. त्यांत प्रगतीचा आवाज नव्हता. दिवाळीनंतर मेंढरं शाळेवरून गेली, तेव्हा तो आला. ती कळपाला म्हणत होती, "सीऽऽट डाऊन." मेंढरं बसली नाहीत. त्यांचं माध्यम मराठी होतं.

आता शाळेत संगणक आला आहे. त्याच्यावर शाल असते. ती कोणाची, हे मला कपाटातूनही ओळखता येतं. गुरुजी दौंडला सुखात असतात असं ऐकतो. त्यांना माझा काही निरोप नाही. होता, पण तोही कदाचित पुसला गेला असेल.

मित्रांनो, शाळेतली साधनं जपा, ती कुणाला उसनी देऊ नका, आणि दिलेला शब्द तर त्याहून जपा, असं मी तुम्हाला सांगणार होतो. पण यंत्राचं कोण ऐकतं? म्हणून एवढंच मागतो. त्या संध्याकाळी दाबलेलं माझं बटण अजून दाबलेलंच आहे. कपाट उघडलंच कधी, तर ते तेवढं वर करा. फार अवघडलोय.