अख्खा खांब

"कागद बरोबर असेल तर तसं स्पष्ट सांगून टाका, साहेब. मी गुमान घरी जाऊन बसतो."

म्हाताऱ्या सुतारानं नकाशा टेबलावर उलगडला आणि तो परत गुंडाळला जाऊ नये म्हणून हाताला लागेल ते कोपऱ्यांवर ठेवलं. पंचिंग मशीन, दौत, चहाचा रिकामा कप. चौथ्या कोपऱ्यावर त्यानं स्वतःचा पंजाच ठेवला. त्या पंजाची दोन बोटं करवतीनं केव्हाच नेली होती. पलीकडे बसलेल्या इंचभाऊंनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायचं काय? खाली उजव्या कोपऱ्यात 'मोजले' आणि 'काढले' या दोन्ही शब्दांपुढे त्यांचीच सही होती, सव्वीस वर्षांपूर्वीची.

इंचभाऊ हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. देशभरातल्या जुन्या इमारती मोजून त्यांचे नकाशे करणारी ही कचेरी. इथं ते तरुणपणी लागले, आणि पहिल्याच वर्षी एका दरवाजाच्या मापात एक इंच जुळेना म्हणून रजा टाकून, दोन दिवसांचा प्रवास करून पुन्हा मोजून आले. लोक हसले, पण नाव जे चिकटलं ते चिकटलंच. पुढं त्यांनी काय काय मोजलं! वाळवंटाकडची दोन दोन हात जाड भिंतींची मातीची घरं, समुद्राकाठची खांबांवर उचललेली आणि छपरं गुडघ्यापर्यंत ओढून बसलेली घरं, मैदानातल्या विटांच्या कमानी, डोंगरातले एकही खिळा न मारता रचलेले लाकडी मनोरे. "प्रत्येक मुलखातल्या घराला आपापली खोड असते. ती टेप लावल्याशिवाय कळत नाही," असं ते नव्या मंडळींना पढवायचे. आणि कचेरीचा एक नियम तर त्यांनी जणू कपाळावर गोंदवून घेतला होता. जिथं टेप टेकला ते माप काळ्या शाईनं लिहायचं. जिथं हात पोचला नाही, तिथं अंदाज पेन्सिलीनं, कंसात. शाई म्हणजे शपथ, असं ते म्हणायचे.

आता या शपथेचाच कागद म्हातारा समोर घेऊन बसला होता. त्याच्या गावचा पाच मजली मनोरा गेल्या हिवाळ्यात वीज पडून जळाला होता. राखेतून मूठभर कोळसा उरला. गावानं तो पुन्हा उभारायचं ठरवलं, जंगलखात्यानं चार जुनी झाडं तोडू दिली, आणि या कचेरीनं जपून ठेवलेला हा एकुलता एक नकाशा पाठवून दिला.

"अडलंय कुठं?" इंचभाऊंनी विचारलं. आवाज आपलाच आहे का, अशी त्यांना शंका आली.

"चौथ्या मजल्याला." म्हाताऱ्यानं उरलेल्या बोटानं दाखवलं. "तुमच्या कागदात मधल्या चार खांबांना इथं सांधा आहे. खालचा तुकडा अकरा फूट, वरचा दहा. आणि मला वाटतं, तिथं सांधा नव्हताच. तिसऱ्या मजल्यापासून शेंड्यापर्यंत एकच लाकूड. अख्खा खांब."

"कशावरून?"

"मी बापाबरोबर वर जायचो ना! सात-आठ वर्षांचा असेन. बाप तिसऱ्या मजल्यावरून खांबाला हातोडी मारायचा आणि मला शेंड्याला कान लावून बसवायचा. लाकूड कुठं पोखरलंय ते आवाजावरून कळतं. टण्णकन कानात यायचं बघा! सांधा असता तर आवाज मध्येच मेला असता." मग त्याचा चेहरा उतरला. "पण पुतण्या म्हणतो, काका, तुमचं वय झालं. वर चढलेला माणूस गावात मी एकटाच उरलोय, साक्षीला तरी कुणाला बोलावू? आणि हा कागद तर शाईचा. हल्ली मला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, साहेब. चुकतही असेन. म्हणून दीड दिवस बसमध्ये हाडं खिळखिळी करून आलो. परवा लाकूड कापायचंय. ज्यानं मोजलं त्याच्या तोंडून एकदा ऐकलं की माझा जीव शांत होईल."

शेजारच्या टेबलावरची नवी मंडळी काम थांबवून ऐकत होती. इंचभाऊंना निवृत्त व्हायला चार महिने उरले होते. निरोपाच्या भाषणात कचेरीचे मोठे साहेब त्या एका इंचाची गोष्ट सांगणार, हे सगळ्या कचेरीला पाठ होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, ते इंचभाऊंना त्या दुपारी कळलं. खोटं बोलायला छाती लागते असं लोकांना वाटतं. काही नाही, भित्र्याला ते जास्त चांगलं जमतं.

"कागद बरोबर आहे," ते म्हणाले.

 म्हाताऱ्यानं कोपऱ्यांवरच्या वस्तू एकेक करून जिथल्या तिथं ठेवल्या. "बरं झालं विचारलं," तो म्हणाला. "म्हणजे मीच भ्रमिष्ट झालोय तर." आणि वर हसलाही. ते हसणं बघवत नव्हतं. दुपारच्या बसनं तो परत गेला.

संध्याकाळी घरी बायको मटार सोलत बसली होती. इंचभाऊ बूट न काढता खुर्चीवर चढले, कपाटावरची जुनी पेटी खाली ओढली आणि धुळीसकट जमिनीवर आपटली.

"अहो, आत्ताच झाडलं होतं मी!"

त्यांना हवी ती मोजवही सापडली. पहिला मजला, दुसरा, तिसरा, पानंच्या पानं आकडे. चौथ्या मजल्याचं पान कोरं. त्यांनी ती वही तिच्यापुढं मटारांवरच ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसले.

"ही डोंगरातली ना?" तिचा चेहरा खुलला. "बर्फ पडून घाट बंद व्हायच्या आत शेवटची बस पकडून आला होतात तेव्हाची? मला आजही आठवतं, दारात उभे होतात, नाक लाल, टोपी ओली. लग्नाला तीन महिने झाले होते. सगळे म्हणत होते, आता चार महिने अडकला तिकडंच." ही गोष्ट तिनं आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितली होती. सुनेला तर तीनदा.

"मी काम अर्धवट टाकून आलो होतो."

"म्हणजे?"

"वरचे दोन मजले मोजलेच नाहीत. खालून बसचा भोंगा ऐकला आणि उतरलो. तसले अकरा मनोरे आधी मोजले होते. प्रत्येकात चौथ्या मजल्याला सांधा. म्हटलं, बाराव्यात वेगळं काय असणार? इथं या घरी बसून आकडे भरले. शाईनं. कंस घातला असता तर उन्हाळ्यात परत जावं लागलं असतं." त्यांनी म्हाताऱ्याची सगळी हकिगत सांगितली, दुपारचं खोटंसुद्धा. सांगता सांगता त्यांना रडू फुटलं. रडायची सवय नसलेल्या माणसाचं रडणं मोठं वाईट दिसतं.

 तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"मी बोलावलं नव्हतं हं तुम्हाला," ती म्हणाली. "ते माझ्या माथी मारू नका. सव्वीस वर्षं मी ज्याचं कौतुक करत आले, त्यात कुणाचं तरी असं वाटोळं दडलंय, हे मला ठाऊक नव्हतं." मग तिनं वहीवरचे दाणे झटकले. "त्यांना कळवता येतं का? फोन?"

"घाटापलीकडं फोन लागत नाही. परवा लाकूड कापणार."

"मग बसलात काय? सकाळची पहिली बस कितीची आहे?"

दीड दिवसाचा तो प्रवास इंचभाऊंनी खिडकीशी बसून, घड्याळाकडे बघत काढला. वाटेत सगळा देश उलगडत गेला. विटांच्या कमानींचा मुलूख, मग दगडी ओट्यांची घरं, मग उतरत्या लाकडी छपरांची. एरवी ते शेजाऱ्याला सांगून हैराण करायचे, हे बघा, इथून छपराचा उतार बदलला. आज त्यांना एकच गोष्ट दिसत होती, करवत. एक बिघडलेला ट्रक घाटात आडवा होता, तिथं तीन तास गेले. इंचभाऊ खाली उतरून दुसऱ्या वीस जणांबरोबर तो ढकलायला लागले. कुणीतरी म्हणालं, "आजोबा, तुम्ही राहू द्या." ते राहिले नाहीत.

गावाजवळ पोचले तेव्हा लाकडाच्या भुशाचा वास आधी आला. ताजा, गोड वास. 

मनोऱ्याच्या जळक्या जोत्याशेजारी चारही खोडं आडवी पडली होती. आठ तुकडे. कापलेल्या तोंडांवर अजून ओल होती. पुतण्या आणि गडी बाजूला चहा पीत होते. म्हातारा एका ओंडक्यावर बसून करवतीचे दात पुसत होता. इंचभाऊंना पाहून तो गडबडीनं उठला.

"साहेब! तुम्ही स्वतः आलात? मोजायला? अहो, बघा, बरोब्बर अकरा आणि दहा. पहिली करवत मीच धरली. म्हटलं, सगळ्यांना नडलो, आता प्रायश्चित्त म्हणून मीच कापतो."

इंचभाऊंनी मोजवही पुढं केली. कोरं पान उघडलं. म्हाताऱ्याला आकड्यांपलीकडं वाचता येत नव्हतं, पण कोरं पान कळायला वाचता कशाला यायला हवं?

"मी वर चढलोच नव्हतो, बाबा," इंचभाऊ म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बाबा' कसं निघालं कोण जाणे. "तुमचं बरोबर होतं. कचेरीत मी खोटं बोललो."

पुतण्यानं हातातला कप खाली ठेवला. तो दोन पावलं पुढं आला, मुठी वळलेल्या. मग काकांच्या तोंडाकडे पाहून थांबला.

"दुसरी झाडं?" इंचभाऊंनी विचारलं. "मी अर्ज करतो, पाया पडतो, नोकरी गेली तरी..."

"एकवीस फूट सरळ जाणारी चारच उरली होती, साहेब. सबंध डोंगरात." म्हातारा खाली बसला. "माझ्या पणज्यानं हेरून ठेवलेली. मनोऱ्याला कधी काही झालं तर असू द्यावीत म्हणून. आता बैल गेला नि झोपा केला, काय करता?" त्यानं कापलेल्या तोंडावरून पंजा फिरवला. "सांध्यानं उभा राहील. वाऱ्यात मुरगळेल, पण राहील काही वर्षं." मग एकदम त्यानं मान वर केली, आणि एखाद्या लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, "म्हणजे मी भ्रमिष्ट नाही ना?"

"नाही."

"तेवढं त्याला सांगा."

इंचभाऊंनी पुतण्याकडे पाहून सांगितलं.  पाठ फिरवून पुतण्यानं कप उचलला, खळखळून धुतला, मग पुन्हा धुतला.

नकाशा तिथंच होता, भुशानं माखलेला. इंचभाऊंनी खिशातली पेन्सिल काढली आणि अकराला कंस घातला, दहाला कंस घातला. बाजूला लिहिलं, 'येथे सांधा नव्हता. अख्खा खांब.' खाली 'मोजले' या शब्दापुढची आपली सही खोडली आणि कागद म्हाताऱ्यापुढं धरला. म्हाताऱ्यानं पेन्सिल मुठीत घेतली आणि लाकडावर घालतो ती आपली खूण तिथं घातली, दोन तिरप्या रेघा आणि मध्ये टिंब.

मग तो उठला. एका खांबाचे दोन तुकडे एकमेकांना तोंड लावून पडले होते, मध्ये बोटभर फट. त्यानं हातोडी इंचभाऊंच्या हाती दिली, चालत पलीकडच्या टोकाला गेला, गुडघे टेकले आणि लाकडाला कान लावला.

"ठोका, साहेब."

इंचभाऊंनी ठोकलं.

"जोरात."

त्यांनी जोरात ठोकलं. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले होते, कान हलवला नाही. मान डोलावली नाही की नकारही दिला नाही. थांबायला कुणी सांगेना, म्हणून इंचभाऊ ठोकत राहिले.