मावशीकडे गाऱ्हाणं

माझी आई पुरीला आली ती देवाशी भांडायला, आणि नेमकी देवाला ताप आलेला असताना आली.

आम्हा पुरीकरांना त्याचं काही नवल नाही. ज्येष्ठातल्या पौर्णिमेला जगन्नाथाला, त्याच्या भावाला आणि बहिणीला उघड्यावर बसवून घागरींवर घागरी गार पाणी ओततात. मग व्हायचं तेच होतं. तिघंही अंथरूण धरतात. पंधरवडाभर दर्शन बंद, आत काढे आणि पथ्याची फळं सुरू. या दिवसांत गावातला माणूस आंबे खाऊन खुशाल लोळतो, कारण यात्रेकरूच नसतात. माझा नवरा बनांबर खाज्याच्या दुकानात बसून माशा हाकलतो.

पण आई टिटिलागडची. स्नानाच्या दिवशी गर्दी लोटते हे तिनं ऐकलं होतं. ती ओसरली की निवांत जावं, असं तिनं मनानंच ठरवलं आणि गाडीत बसल्यावर मला फोन केला.

"कुंतला, मी निघाले. स्टेशनवर कोणी येऊ नका. मला रस्ता विचारता येतो."

"अगं आई, पण आत्ता इथं—"

"ऐकू येत नाही," असं म्हणून तिनं फोन बंद केला. ऐकू तिला सगळं येतं.

ती दारात उभी राहिली तेव्हा माझ्या सासूबाई ओट्यावर हाताला तेल लावून फणस सोलत बसल्या होत्या. सासूबाईंचं नाव तिलोत्तमा. जन्म देवळामागच्या गल्लीतला आणि लग्नही त्याच गल्लीत. त्यामुळे जगन्नाथ म्हणजे त्यांना शेजारच्या घरातला वाया गेलेला पोरगा वाटतो. 'काळ्याचं जेवण आज उशिरा झालं', 'काळ्याची झोप अजून उघडली नाही', असं बोलतात. माझ्या माहेरी त्याचं नाव घेताना दोन्ही हात कपाळाला लावतात.

"या विहीणबाई," सासूबाई म्हणाल्या. "बसा. पण आलात ते चुकीच्या दिवसांत. काळ्या आजारी आहे."

आईनं पिशवी खाली ठेवली नाही. "म्हणजे?"

"ताप आलाय. भेटायला मनाई आहे."

"किती दिवस?"

"अमावास्येपर्यंत तरी."

"माझं परतीचं तिकीट त्याच्या आधीचं आहे," आई म्हणाली. मग एकदम तिचा आवाज चढला. "ताप माझ्या नवऱ्यालाही आला होता. आम्ही नाही दार लावून घेतलं! सगळं गाव बघायला येत होतं. मी प्रत्येकाला चहा करत होते. त्यांना धड झोपू दिलं नाही कोणी, त्यातच गेले ते."

सासूबाईंचा फणसावरचा हात थांबला. मी आईच्या हातातून पिशवी घेतली.

माझे बाबा, पुरंदर मेहेर, मालगाडीवर आणि पुढे प्रवासी गाडीवर गार्ड होते. रथयात्रा आली की पुरीसाठी जादा गाड्या सुटत आणि बाबांची रजा कापली जाई. माणसांनी खच्चून भरलेल्या त्या गाड्यांना हिरवा झेंडा दाखवत ते अर्ध्या वाटेपर्यंत येत. तिथं पाळी संपे, पुढं दुसरा गार्ड चढे आणि बाबा उलट्या गाडीनं घरी. सारी नोकरी अशी गेली. निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी आणि आईसाठी तिकिटं काढली, नवं धोतर आणलं, आणि निघायच्या आठवड्यात तापानं फणफणले. माझ्या लग्नालासुद्धा पुरीहून वऱ्हाडच टिटिलागडला गेलं होतं. बाबांनी पुरी पाहिलीच नाही.

आईला देवाला तोंडावर विचारायचं होतं, की अरे, या माणसानं तुझ्या दाराशी इतकी माणसं आणून सोडली, तुला त्याला एकदा आत बोलवायला काय झालं होतं?

रात्री जेवताना बनांबरनं तोडगा काढला. "आई, ब्रह्मगिरीला जाऊ. हा आजारी असला की अलारनाथाच्या देवळात त्याचं दर्शन होतं म्हणतात. खीरही चांगली असते."

"तिथला देव कसा आहे?"

"चार हातांचा. काळा पाषाण."

"माझं भांडण बिनहातांच्या जगन्नाथाशी आहे," आई म्हणाली. "बदलीवर आलेल्याला शिव्या घालून काय उपयोग? तो म्हणेल, मला माहीत नाही, साहेब आल्यावर या."

सासूबाईंना ठसका लागला. भातातली मिरची लागली असं त्या म्हणाल्या, पण भातात मिरची नव्हती.

"मग देवळात जाऊन त्याचं चित्र तरी बघा," त्या म्हणाल्या. "आजारपणात कापडावर रंगवलेलं चित्र लावतात त्याच्या जागी."

"चित्र घरी कॅलेंडरवर आहे. खाली सिमेंटची जाहिरात आहे, एवढाच फरक."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी स्वतः रिक्षा बोलावली. "चला विहीणबाई. हा एक नसला म्हणून गाव ओस पडलेलं नाही. बाकीच्यांना भेटून घ्या." मला त्यांनी पाण्याच्या बाटल्या धरायला सोबत घेतलं. लग्नापासून या दोघी एकमेकींशी फक्त 'जेवलात का' आणि 'जेवले' एवढंच बोलत आल्या होत्या. त्या दोघींच्या मध्ये रिक्षात बसायची माझी छाती नव्हती, म्हणून मी पुढं चालकाशेजारी अर्धी लटकत बसले.

आधी लोकनाथाला गेलो. हा महादेव वर्षभर पाण्याखाली असतो. गाभाऱ्याच्या कुंडात फुलं, बेलाची पानं आणि गढूळ पाणी, एवढंच दिसतं. आईनं वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"कुठं आहे?"

"आत. पाण्यात," सासूबाई म्हणाल्या. "शिवरात्रीच्या आसपास एकदा पाणी उपसतात, तेव्हा दिसतो."

आई सरळ उभी राहिली. "तो अंथरुणात, हा पाण्यात. विहीणबाई, तुमच्या गावात एकही देव कामावर येत नाही का?"

मागं उभ्या असलेल्या दोन बायका हातातली बेलाची पानं तशीच धरून आमच्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता सासूबाई भडकणार. गावाची अब्रू म्हणजे त्यांना स्वतःची अब्रू. पण त्या म्हणाल्या, "एक आहे. पण तो सक्तीनं आहे कामावर." आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "समुद्राकडे घे. बेडीवाल्याकडे."

बेडी हनुमानाचं देऊळ लहानसं आहे, वाळूच्या कडेला. दारातूनच समुद्राची गाज येते. मारुतीच्या पायांत साखळदंड आहेत. आई त्या साखळ्यांकडे बघत राहिली.

"याला का बांधलंय?"

"समुद्र गावात शिरू नये म्हणून याला पहाऱ्यावर बसवला होता," सासूबाई सांगू लागल्या. "हा एक दिवस कोणाला न सांगता अयोध्येला निघून गेला. लाडवांची आठवण झाली म्हणतात. मागं समुद्र आत आला. काळ्या चिडला, आणि हा परत आला तशा याला बेड्या ठोकल्या."

"न विचारता गेला?"

"विचारलं असतं तर सोडलं असतं का?"

आई मटकन पायरीवर बसली. मला वाटलं ऊन लागलं. मी बाटली उघडली, तिनं ती बाजूला सारली. तिला हसू फुटलं होतं. पदर तोंडाला लावून ती गदागदा हसत होती.

"अगं, यांनाही मी दरवर्षी हेच सांगायचे," ती म्हणाली. "म्हटलं, रजा देत नाहीत तर गाडीत बसून सरळ पुरीला जा. हिरवा झेंडा दाखवायचा आणि उतरायचंच नाही. तर म्हणायचे, जेमामणी, गाडी सोडून गार्ड पळाला तर बेड्या पडतील. आणि बघ, खरंच पडतात!"

तिनं मारुतीला तेल वाहिलं. त्याच्या पायापाशी खडीसाखर ठेवली आणि पुजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "पुन्हा जायचं झालं तर जा रे बाबा. दोनदा काय बांधणार आहेत?"

पुजारी म्हणाला, "आजी, समुद्र येईल की."

"येऊ दे. तुम्हा गावकऱ्यांना पोहता येत नाही का?"

रिक्षात परतताना दोघी जवळजवळ बसल्या होत्या. सासूबाईंनी पदराच्या गाठीतलं पान काढून अर्धं आईला दिलं. आईनं आयुष्यात पान खाल्लं नव्हतं. तिनं ते चावलं, आणि वाटेत तिनं टाकलेली पिंक थेट पुढून मागं फडफडणाऱ्या माझ्या पदरावर आली.

मोठ्या रस्त्यावर आलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. रथांचं काम चालू होतं, सुतार चाकांवर वाकले होते.  लांबवर देवळाचा कळस दिसत होता आणि आईची नजर तिथंच होती.

"विहीणबाई," सासूबाई म्हणाल्या, "एक विचारू? तुमच्या टिटिलागडात एखाद्याच्या घरचा पोरगा उंडगा निघाला, लोकांना त्रास द्यायला लागला, आणि घरी गेलं तर दार लावून आत पडलेला असला, तर तुम्ही काय करता?"

"आईकडे जाते."

"आई दूर असली तर?"

"मग मावशीकडे."

"रिक्षा थांबव," सासूबाई म्हणाल्या.

मावशीचं देऊळ रस्त्याच्या कडेलाच आहे. रथ परतीच्या वाटेवर इथं थांबतो, मावशीच्या हातचा भाजका पिठा, म्हणजे तांदळाचा गूळ-खोबरं घातलेला जाड गोड पोळा, खाल्ल्याशिवाय जगन्नाथ घरी जात नाही. त्या दिवशी तिथं कोणी नव्हतं. पुजारी खांबाला टेकून पेंगत होता. आत मावशी, लाल साडी, मोठे डोळे.

आई आत गेली आणि पोलिसात तक्रार द्यायला जावं तशी ताठ उभी राहिली.

"मी जेमामणी मेहेर," ती म्हणाली. "टिटिलागडहून आले. तुमच्या भाच्याबद्दल बोलायचंय."

पुजारी जागा झाला.

तिनं सगळं सांगितलं. गाड्या, झेंडा, कापलेल्या रजा, अर्धी वाट. नव्या धोतराची घडी अजून मोडलेली नाही, हे मला माहीत नव्हतं, ते मला तिथं कळलं. मधेच ती म्हणे, "तुम्ही लाडावून ठेवलंय त्याला. पिठे करकरून घालता. एकदा कान धरला असता तर ही वेळ आली नसती." आणि मग ती बोलता बोलता थांबली.  बाबा गेल्यापासून ती रडली नव्हती. चहा करण्यात, मग बाराव्या-तेराव्यात, मग पेन्शनच्या खेपांत राहून गेलं होतं. ते सगळं मावशीसमोर बाहेर आलं. ती खाली बसली आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली.

मी पुढं झाले तशी सासूबाईंनी माझा दंड धरला. "राहू दे. मावशी आहे ना तिथं."

बऱ्याच वेळानं पुजाऱ्यानं तीर्थ आणून आईच्या हातावर घातलं. "आजी," तो म्हणाला, "मावशीनं ऐकलं. पण खरं सांगू का, तो तिचंही ऐकत नाही."

"नाहीच ऐकणार," आई नाक पुसत म्हणाली. "पण घरच्यांच्या कानावर घातलेलं बरं."

त्यानंतर चार दिवस ती आमच्याकडे राहिली. त्या चार दिवसांत दोघी विहिणी सकाळी निघत आणि दुपारी लाल तोंडानं परत येत. कुठं जाता विचारलं तर "अशाच, याच्या-त्याच्याकडे" म्हणत. कुठल्याशा देवळात देवीच्या नथीवरून त्या पुजारणीशी वाद घालून आल्या, हे मला बनांबरच्या गिऱ्हाइकाकडून समजलं. निघायच्या दिवशी सासूबाईंनी फार आग्रह केला. दार उघडेपर्यंत राहा, तिकीट बनांबर बदलून देईल, ताप उतरल्यावर त्याचा रंग किती ताजा दिसतो ते बघा.

"नको," आई म्हणाली. "कोंबड्या शेजारणीकडे आहेत. ती अंडी खात असणार. तुम्ही जाल ना त्याला भेटायला? मग माझं म्हणणं तेवढं सांगा. एक शब्द गाळू नका."

"तुमच्या बोलीत सांगू का माझ्या?"

"माझ्या. तुमच्या बोलीत शिवी गोड लागते."

दार उघडलं त्या दिवशी सासूबाई पहाटेच गेल्या आणि दुपार टळली तरी येईनात. दुकानातून बनांबरला शोधायला पाठवावं असं मी म्हणत होते तोच त्या लंगडत आल्या. केस सुटलेले, एका पायात चप्पल नाही, अंगठा सुजलेला. मी हळद उगाळायला घेतली. त्यांनी आधी फोन मागितला.

"सांगितलं हो सगळं," त्या आईला म्हणाल्या. "तुमच्याच बोलीत. शेजारची बाई दचकून लांब झाली... काय म्हणणार? डोळे वटारून बघत होता... हो, गाड्यांचंही सांगितलं."

मग तिकडून आईनं उशीर का झाला ते विचारलं असावं. सासूबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "म्हणूनच उशीर झाला. तुमचं संपलं, तर तोंड उघडलेलंच होतं. म्हटलं, आता आलोच आहोत तर... हो, माझंही सांगितलं थोडं. इतकी वर्षं रोज जाते, कधी बोलले नव्हते. मागच्या बायकांनी ढकललं, अंगठ्यावर पाय दिला कोणी तरी. अर्धं राहिलं."

त्यांचं काय होतं ते मी विचारलं नाही. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी सासरे घर सोडून कुठं तरी निघून गेले होते, एवढंच मला ठाऊक होतं, आणि तेही गल्लीतून.

फोन ठेवून त्यांनी पाय माझ्यासमोर धरला. "लाव हळद. आणि बनांबरला सांगू नको," त्या म्हणाल्या, "नाहीतर उद्या एकटीला जाऊ देणार नाही."