राजाच्या मुकुटातला कापूस

थोरल्याच्या घरी लेक जन्मली, त्याच वर्षी माझाही जन्म झाला. मित्रांनो, मी नाटकातला एक जुना मुकुट आहे. सोन्याचा नाही. रंगाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून, त्यावर सोनेरी कागद डकवून मला केले. नाटक मंडळी दोघा भावांची होती. थोरला राजा होई, धाकटा सेनापती. धाकट्याची बायको कपडे शिवी. मला घडवले तिनेच. सारी मंडळी तिला वहिनी म्हणे.

आमच्या नाटकातला राजा शूर होता, दयाळू होता, रयतेसाठी जीव टाकणारा होता. खोट एकच, तो कुणाचे ऐकत नसे. म्हातारा प्रधान त्याला सावध करी, राजा ते हसण्यावारी नेई आणि शेवटी आपल्याच हट्टापायी सारे गमावी. तो दुष्ट असता तर लोकांनी टाळ्या पिटल्या असत्या. चांगला होता, म्हणून रडत.

मला मुद्दाम सैल ठेवले होते. मान ताठ असेतोवर मी डोक्यावर राही. शेवटच्या प्रवेशात राजा पहिल्यांदा मान झुकवी आणि मी खणखणत खाली पडे. त्या आवाजाची फार वाहवा होई.

पुढे थोरल्याचे डोळे अधू झाले. खाली पाहिल्याशिवाय त्याला सिंहासनाच्या पायऱ्या दिसेनात, आणि खाली पाहिले की मी पडणार.

"भावजी, मुकुटात कापूस घालते," वहिनी म्हणाली. "म्हणजे खाली बघून उतरता येईल."

"राजा खाली बघतो का कधी?"

"राजा नसेल बघत. तुम्ही बघा."

"तू तुझी सुई सांभाळ."

धाकटा म्हणाला, "दादा, मग मी हात देतो."

"आधी माझ्या सिंहासनावरचा डोळा काढ."

त्या दिवसापासून भावाभावांचे बोलणे तुटले. उरले ते नाटकातले संवाद.

आणि एका दुपारी भर तालमीत थोरला पायऱ्यांवरून कोसळला. त्याच्या मांडीचे हाड मोडले, माझ्या काठावरची एक पत्र्याची कळी वाकली. धाकटा धावत आला. त्याने भावाचे डोके मांडीवर घेतले.

थोरला म्हणाला, "या राजाची खोट मला तोंडपाठ आहे रे. माझी तेवढी दिसली नाही."

"दिसेल कशी?" वहिनी डोळे पुसत म्हणाली. "खाली बघाल तेव्हा ना."

कण्हता कण्हता थोरला हसला.

हाड जुळले, पण राजाचे काम सुटले. थोरल्याने चाचपत माझ्यात कापूस भरला आणि मला धाकट्याच्या डोक्यावर ठेवले. "तालमीपुरता आहे हा. पायऱ्या पायाखालच्या झाल्या की काढ." स्वतः तो म्हातारा प्रधान झाला. "राजा, माझं ऐक," असे तो म्हणे तेव्हा सारे प्रेक्षागृह स्तब्ध होई. नाटकातला राजा ऐकत नसेच. पण पडदा पडला की धाकटा त्याचा हात धरून म्हणे, "दादा, पायरी." आणि थोरला थांबे, खाली बघे.

मित्रांनो, आता मी पेटीत असतो. मला ओल लागू देऊ नका, माझा पत्रा गंजतो. वाकलेली कळी मात्र सरळ करू नका. आणि आपले माणूस "पायरी" म्हणाले, तर मान खाली घालायला लाजू नका. मुकुट पडला तर उचलता येतो.

लेकीचे लग्न झाले, त्यानंतरच्या हिवाळ्यात थोरला वारला. धाकटा त्याच्या उशाशी होता.