बरणीतला ढालवाला

मित्रांनो, मी कथलाचा एक जुना ढालवाला आहे आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. ढाल धरणाऱ्याने असं बोलू नये, हे मला कळतं. पण ज्या काचेच्या बरणीतून मी तुमच्याशी बोलतोय, तिचं झाकण घट्ट लावलेलं आहे. आता लपवून काय मिळणार?

माझा जन्म दातांच्या दवाखान्यात झाला. डॉक्टरीणबाई दातांचे साचे करायच्या, त्याच प्लास्टरच्या साच्यात त्यांनी मला ओतलं. साच्यात हवेचा बुडबुडा राहिला आणि माझा डावा गुडघा वाकडा झाला. ढाल वेगळी ओतून हाताला डाख देऊन जोडली. टेबलावर उभा केला की मी पळायच्या बेतात आहे असं वाटायचं. सगळे हसायचे. खरं सांगू, त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

दर रविवारी दुपारी दवाखाना बंद असायचा. पेशंट बसतात त्या खोलीत मासिकं बाजूला सारून टेबलावर खेळ मांडला जायचा. बाई गोष्ट सांगायच्या. त्यातले राक्षस आणि दरोडेखोर त्यांचे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि लढाई आली की फासे टाकायचे. पूर्वी खेळायला पुष्कळ जण यायचे. शेवटी उरले दोघं, मामा आणि त्यांची भाची. मामा लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्टचं दार मिटायला लागलं की आत कोण आहे हे न बघता आधी स्वतःचा पाय मध्ये घालणारा माणूस. मी त्यांचा. भाचीची होती एक वैदीण, माझ्याच दिवशी ओतलेली. तिचे दोन्ही गुडघे सरळ होते.

आता बरणीचं सांगतो. पूर्वी बाई त्यात उपटलेले दात ठेवायच्या, लहान मुलांना दाखवायला. मग त्यांनी नियम केला: खेळात जो मेला, तो बरणीत गेला. पुन्हा बाहेर काढायचा नाही. जो शेवटपर्यंत जगला, तो खेळणाऱ्याच्या घरी. बरणी टेबलासमोरच्या फळीवर होती. आत एक तिरंदाज तोंडावर पडलेला, एक चोर उलटा, आणि तळाशी कुणाची तरी विसरलेली दाढ. फासे खुळखुळले की माझी नजर तिकडे जायची.

त्यात माझं काम काय, तर आड येणं. शेजारच्या सोबत्यावर घाव आला, की तो मी माझ्यावर घ्यायचा. घाव आकड्यात मोजायचा, ढाल त्यातले दोन अडवायची. वैदिणीचं काम दुखणं वाटून घेण्याचं. ती एका सोबत्याशी स्वतःला बांधून घ्यायची आणि त्याला जे लागेल त्यातलं अर्धं आपल्या अंगावर घ्यायची. तिने स्वतःला माझ्याशी बांधलं होतं. म्हणजे तिच्यावरचा घाव मी घ्यायचा आणि माझ्या दुखण्यातलं अर्धं तिने. कित्येक रविवार ही जोडी कुणाला हरली नाही. बाई म्हणायच्या, "तुम्हा दोघांना मारायचं तरी कसं?" मामा खूश व्हायचे. माझा जीव मात्र मुठीतच असायचा. असे प्रश्न बाई सहज विचारत नसत.

मग भाचीला नोकरी लागली, बोटीवर, इंजिनाच्या खोलीत. तो तिचा शेवटचा रविवार होता. ती वैदिणीला अंगठ्याने पुसत म्हणाली, "मामा, बोटीवर माझ्या ओळखीचं कुणी नाही रे. ही तरी खिशात असू दे." मामांनी विषय टाळून फासे बाईंकडे सरकवले. ती जाणार म्हटल्यापासून त्यांचं असंच चाललं होतं.

खेळातलं शेवटचं दार दिसत होतं. वैदिणीने एक पाऊल टाकलं की सुटली. दारापाशी दगडी राक्षस उभा होता आणि पाळी त्याची होती. बाईंनी फासे टाकले. "वैदिणीवर घाव. दहा."

वैदिणीत जीव उरला होता तीन. माझ्यात नऊ. मामांचा हात सवयीने माझ्यावर आला. "मी आड येतो."

भाचीने त्यांचं मनगट धरलं. "मामा, थांब. तू आड आलास तरी मी मरते."

हिशेब मलाही कळला. दहातले दोन ढाल अडवणार, आठ मला लागणार, तरी मी उभा राहणार. पण आठाचे अर्धे चार तिच्याकडे जाणार, आणि तिच्यात होते तीन. बांधलेलं सोडवायला तिची पाळी लागायची. आड न यावं तर सगळे दहा तिच्यावर. मी जगलो तरी ती बरणीत जाणार होती.

मामांनी तोच हिशेब बोटांवर पुन्हा मोजला. मग हळूच विचारलं, "बाई, आधी घाव की आधी वाटणी?"

"आधी घाव, पूर्ण. ज्याला लागला तो उभा राहिला तरच वाटणी. तो पडला की बांधलेलं तुटतं."

मित्रांनो, मला तेव्हाच समजलं. पळावंसं वाटलं. गुडघा तर जन्मापासून तयारच होता. पण कथलाचे पाय कुठे जाणार?

"ढाल टाकायला पाळी लागत नाही ना?" मामांनी विचारलं.

"नाही लागत," बाई म्हणाल्या. "पण ढालवाल्याची ढाल कुणी टाकत नाही, मामा."

"मी टाकतो. आणि आड येतो."

त्यांनी माझ्या हातातली ढाल दोन बोटांनी वाकवली. डाख तुटला. दहाच्या दहा माझ्यावर आले. मी पडलो, बांधलेलं तुटलं, आणि वैदीण तीन जीव घेऊन दारातून निघून गेली.

भाची रडत म्हणाली, "एवढ्या वर्षांचा तुझा ढालवाला, मामा."

"तू जा गं," मामा म्हणाले. "मी मध्ये पाय घालून उभा राहिलो, तर तूच अडकशील." हे ते टेबलाकडे बघत बोलले, पण खेळाबद्दल बोलत नव्हते.

बाईंनी मला उचललं आणि बरणीचं झाकण उघडलं. आत पडताना दाढेवर आपटल्याचा आवाज झाला. ज्याला मी जन्मभर भ्यायलो, ते एवढंच. तिरंदाजाच्या पाठीवर माझा गुडघा टेकला आहे. काचेतून टेबल दिसतं. त्यावर आता मासिकं असतात.

ढालीबद्दल नियमात काही नव्हतं. भाचीने ती उचलली आणि वैदिणीबरोबर रुमालात बांधली. बाईंनी ते बघितलं आणि बरणीचं झाकण घट्ट लावलं. मामा कधीकधी दात दुखतो म्हणून येतात, बरणीसमोर उभे राहतात आणि तपासून न घेताच जातात.

मित्रांनो, कुणाच्या आड जाल तेव्हा एकदा थांबून बघा, तुमच्यावरचा घाव पुढे कुणाला लागतो. आणि कुणी तुमच्यासाठी ढाल टाकली असेल, तर ती नीट सांभाळा. माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही. बाहेर वारा सुटला की मला बोट आठवते, आणि ढाल रुमालात असेल ना, या विचाराने माझा वाकडा गुडघा आजही लटपटतो.