आत ओढायचा श्वास

लूशियसनं डब्यातून माउथ ऑर्गन उचलला आणि ड्यूइटची गिटारवरची बोटं थांबली.

"अरे, हा 'ई' पट्टीचा आहे, गाण्याच्याच. या गाण्याला आपण 'ए'चा घेतो. म्हातारचळ लागला की काय तुला?"

"ठाऊक आहे मला. तू आपला ताल धर."

"त्याला आता कसला चळ लागतोय? जन्मतःच होता," शेगडीपाशी भाजी ढवळणारी लूशियसची बायको अर्लीन त्याच्याकडे न बघताच म्हणाली.

ड्यूइट हसला खरा, पण त्याला ते खटकलं. गाण्याच्या पट्टीचा माउथ ऑर्गन सोडून दुसराच घ्यायचा, ही ब्लूजवाल्यांची जुनी रीत. त्यावर मुख्य स्वर फुंकून निघत नाहीत, श्वास आत ओढून काढावे लागतात. ओढता ओढता स्वर वाकतो, आणि ब्लूज रडतं ते तिथंच. गाण्याच्याच पट्टीचा घेतला की नुसतं फुंकलं तरी भागतं.

मिसिसिपीहून शिकागोला आल्यापासून लूशियस बेचाळीस वर्षं ओढूनच वाजवत आला होता. दोन रेकॉर्ड निघाल्या, एकदा युरोप झाला, आणि मग दर रविवारी दुपारी कोपऱ्यावरच्या बारमध्ये हे दोघं. हिवाळ्यात त्याची छाती भरली आणि चार महिने खंड पडला. उद्या तो पुन्हा उभा राहणार होता. त्या एका आशेवरच त्यानं डॉक्टरांची सगळी औषधं मुकाट्यानं घेतली होती.

लूशियस फुंकू लागला. एकूण एक स्वर जागेवर, स्वच्छ, गोड. मधे दोन ओळी गायला, गळाही बरा लागला. एकदाच त्यानं श्वास ओढून पाहिला. छातीत खरखर झाली. खोकला गिळून तो पुन्हा फुंकायला लागला. ड्यूइटनं मान वर केली नाही.

"चालेल," गाणं संपल्यावर ड्यूइट म्हणाला. "लोकांना काय कळतंय!"

लूशियस बायकोकडे बघत होता. या स्वयंपाकघरात त्यानं सूर लावला की आजवर ती ओरडतच आली होती, बंद कर ते केकाटणं म्हणून. आज तिनं डाव खाली ठेवला होता.

"छान वाजवलंस," ती हळूच म्हणाली. "खरंच छान."

लूशियसनं माउथ ऑर्गन शर्टाला पुसला आणि डब्यात ठेवला.

"ड्यूइट, उद्यासाठी दुसरा कुणी बघ," तो म्हणाला. "हिला आवडायला लागलं, म्हणजे संपलं रे."