चौकटची दश्शी

मेट्रोत एक स्टेशन आधी उतरणं हा काही गुन्हा नव्हे. पण दीनानाथ उतरले, वाट चुकले आणि वर मुलालाच फोन करून विचारलं, "साकेत, मी नेमका कुठे आहे रे?" तिथेच ते फसले.

साकेत नोएडाला सॉफ्टवेअरमध्ये. कुठलीही अडचण दिसली की तो आधी तिच्यावरचं ॲप शोधतो. संध्याकाळपर्यंत बाबांच्या टॅबवर मेंदूच्या व्यायामाचा खेळ येऊन बसला. आकडे लिहिलेले रंगीत फुगे भराभर वर जाणार, बेरीज जुळेल ते बोटाने फोडायचे, आणि गुण थेट साकेतच्या फोनवर. सोबत भिजवलेले बदाम, अक्रोड आणि एक अट.

"स्कोअर नीट असेल तर खुशाल फिरा, बाबा. खाली गेला तर एकट्याने गेटबाहेर जायचं नाही. प्लीज, आर्ग्युमेंट नको."

दीनानाथांचा जीव तर गेटबाहेरच अडकलेला. दिल्लीत मयूर विहारच्या त्यांच्या सोसायटीसमोर, रस्त्यापलीकडच्या बागेत, रोज दुपारी सीपचा डाव बसतो. हा पंजाब्यांचा पत्त्यांचा खेळ. हातातल्या पत्त्याने खाली मांडलेले पत्ते उचलायचे, कोणता पत्ता गेला, कोणता राहिला, हे डोक्यात ठेवायचं, आणि चौकटची दश्शी ज्याच्या हाती लागेल त्याची चांदी. सरकारी नोकरीत आर. के. पुरमला क्वार्टर होतं, तेव्हा शेजाऱ्यांनी हा नाद लावला, तो आजतागायत सुटलेला नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी स्टेशन चुकलं तेही आदल्या दिवशीचा हरलेला डाव मनात घोळवत बसल्यामुळे. पण हे मुलाला कोण सांगणार?

पहिल्या दुपारी त्यांनी कसेबसे दोन फुगे फोडले, बाकीचे सगळे निसटले. "काय पोरखेळ आहे!" म्हणत त्यांनी टॅब बायकोच्या मांडीवर ठेवला. "कुमुद, तू दाब काहीतरी. आलोच मी."

कुमुदिनीबाईंना आकड्यांचं डोकं नाही, हे घरात लग्नापासून ठरलेलं होतं, आणि ठरवलं होतं अर्थात दीनानाथांनीच. बाईंनी चष्मा लावला, पदर खोचला आणि फुग्यांच्या मागे लागल्या. बघता बघता गुण असे चढले की साकेत जेवताना बाबांच्या पाठीवर थाप मारायचा. "कमाल है यार, बाबा!" दीनानाथ खाली मान घालून वरणभात कालवायचे आणि कुमुदिनीबाई न मागता त्यांना आणखी तूप वाढायच्या. दोघांचं कसं छान चाललं होतं.

मग भाचीच्या, रसिकाच्या, डोहाळजेवणाला कुमुदिनीबाई नाशिकला गेल्या.

दीनानाथांनी स्वतः टॅब हातात घेतला. अगदी प्रामाणिकपणे, दात-ओठ खाऊन खेळले. गुण धाडकन जमिनीवर. दुसऱ्या दिवशी तेच. साकेतचा ऑफिसातून फोन आला, आवाज नको इतका मऊ. "बाबा, डॉक्टरांची वेळ घेतलीय. तोवर घरीच थांबा हं."

दीनानाथ बाल्कनीत जाऊन बसले. राग कधीच उतरला होता, आता भीती वाटत होती. पोराचं खरं असेल तर? आपल्याला आपोआप कळतं का, की आपलं डोकं चालेनासं झालंय? समोर बागेत तिघेच बसले होते. त्यांतले हरिदासजी मान वर करून ओरडले, "दीनानाथजी, चौथा आदमी नहीं है! आ जाओ!"

शेवटचा डाव समजू, म्हणून त्यांनी चपला पायात सरकवल्या.

साकेतला ऑफिसात चैन पडेना. तो लवकर घरी आला, तर दाराला कुलूप. धावतच खाली आला. गार्डने बागेकडे बोट दाखवलं. बाकापाशी पोचला तेव्हा प्रत्येकाच्या हातात एकेकच पत्ता उरला होता, आणि त्याचे बाबा हरिदासजींना म्हणत होते, "ईंट का दहला आपके पास है. इनका आखिरी पत्ता पंजा है, उनकी बेगम. अब छुपाके क्या करेंगे?"

हरिदासजींनी कपाळावर हात मारून चौकटची दश्शी टाकली. मग पंजी पडली, मग राणी. बाबांनी बरोबर सांगितलं होतं. साकेत बघतच राहिला.

"बाबा, मग तो स्कोअर?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. दीनानाथांनी सगळं सांगितलं. साकेतने तिथूनच नाशिकला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, इतके दिवस ते गुण तुझे होते?"

"मग काय ह्यांचे?" कुमुदिनीबाई म्हणाल्या. "ह्यांना एक फुगा धड फोडता येत नाही. आता तिथे माझं नाव घाल बघू."

साकेत आधी हसला, मग त्याचे डोळे भरून आले. डॉक्टरांची वेळ त्याने मोडली नाही, ते योग्यच केलं. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि म्हणाले, सगळं वयाला साजेसं आहे, चालत राहा, वेळेवर झोपा, माणसांत बसा आणि पत्ते सोडू नका. गेटची अट त्या दिवशी मिटली.

कुमुदिनीबाई परतल्या त्या संध्याकाळी दीनानाथांनी चपला घातल्या आणि दारात घुटमळले. "कुमुद, तुझं डोकं भारी आहे. मला इतकी वर्षं दिसलंच नाही. चलतेस का?"

त्या गेल्या. सुरुवातीला नुसत्या बघत बसायच्या. मग एके दुपारी एक गडी आला नाही, तेव्हा हरिदासजींनी त्यांना आपल्या बाजूला घेतलं. डाव रंगला, शेवटचे पत्ते आले. कुमुदिनीबाईंनी चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, चौकटची दश्शी तुमच्याकडे आहे. टाका आता."

दीनानाथांनी ती टाकली. हरताना इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता.