तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. लोक मागून बोलतात, त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. इकडे उत्तरेत, निशातगंजच्या एका कॉलेजात बावीस वर्षं मी शिक्षक घडवते आहे. बारावीनंतर चार वर्षांचा कोर्स, पदवी आणि बी.एड. एकदम. नवरा निरंजन रेल्वेत इंजिनियर, त्याच्या बदलीने इथे आलो आणि इथलेच झालो. विद्यार्थी मला लीला मॅम म्हणतात. अख्खं लीलावती म्हणायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

तर अशी मी, आणि सृष्टीवर माझा जीव. फौजेतल्या सुभेदाराची पोर, घराणं मूळ साताऱ्याकडचं. वर्गात मान खाली घालून बसायची आणि वही अशी लिहायची की माझ्या लाल पेनला कामच उरायचं नाही. डब्यात थालीपीठ असलं की अर्धं कागदात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवून पळायची, एक शब्द न बोलता. आता अशा मुलीवर रागवायचं तरी कसं? मी तरी रागवायचेच म्हणा.

पण आमची वही म्हणजे काय, ते सांगायला हवं. प्रत्येक पाठाची योजना आधी लिहून काढायची. डाव्या रकान्यात शिक्षिका काय विचारणार ते, उजव्या रकान्यात मुलं काय उत्तर देणार ते. हो, मुलांची उत्तरंसुद्धा आदल्या दिवशी आम्हीच लिहितो. सुरुवातीला तीन प्रश्न. पहिल्या दोन्हींची उत्तरं मुलांना यायलाच हवीत आणि तिसऱ्याचं अजिबात येता कामा नये. तिथे उजव्या रकान्यात लिहायचं, 'समस्यात्मक'. म्हणजे मुलं गप्प. मग शिक्षिकेने हसून म्हणायचं, चला, आज आपण हेच शिकणार आहोत. हे असं का, ते मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

जानेवारीत सृष्टीचा अंतिम पाठ होता, एका शाळेच्या वर्गावर, बाहेरच्या परीक्षकांसमोर. विषय बाष्पीभवन. ओले कपडे कुठे वाळत घालतो? छतावर. वाळल्यावर पाणी कुठे जातं? हवेत. या क्रियेला काय म्हणतात? झालं, मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "वाष्पीकरण." सृष्टी पांढरीफटक. वहीत हे उत्तर नव्हतंच ना! मिनिटभर ती नुसती उभी राहिली आणि मग त्या मुलीला म्हणाली, "तुम्हें ये नहीं पता होना चाहिए था." सगळा वर्ग फिदीफिदी हसला आणि परीक्षकांनी नापासाचा शेरा मारला.

पुन्हा पाठ द्यायची एकच संधी असते, ती फेब्रुवारीत मिळाली. इथल्याच अलीगंजच्या एका शाळेने तिला एप्रिलपासून घ्यायचं कबूल केलं होतं, पण प्रमाणपत्र हातात असेल तरच. वडिलांची जोधपूरला बदली झाली होती. पास झाली तर नोकरी करून इथे राहणार. नापास झाली तर सामान बांधून घरच्यांबरोबर जाणार आणि चार वर्षं पाण्यात. तिची आई मला फोनवर म्हणाली, पोरगी जेवत नाही हो. त्या दिवशी मीही ताट तसंच बाजूला सारलं. निरंजन म्हणाला, परीक्षा तुझी आहे का तिची?

यावेळी वर्ग जुन्या शहरातल्या चौक नावाच्या भागात, एका मुलींच्या शाळेतला होता, सहावीचा. विषय, पाण्यात काय विरघळतं आणि काय नाही. पाठाच्या आदल्या दिवशी मी काय केलं ते आता लपवण्यात अर्थ नाही. रिक्षा केली, चौकात गेले, वर्गशिक्षिकेला बाहेर पाठवलं आणि त्या चाळीस मुलींना सांगितलं, उद्या दीदी तीन सवाल विचारतील, पहिल्या दोन्हींची उत्तरं द्या आणि तिसऱ्याला कुणीही तोंड उघडायचं नाही. येत असलं तरी नाही. वर टॉफ्या वाटल्या. असं सगळ्याच कॉलेजांत चालतं, पण मी आजवर कधी केलं नव्हतं, उलट करणाऱ्यांना फाडून खाल्लं होतं. सृष्टीला यातलं काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परीक्षक म्हणून भास्कर शुक्ल आले होते. शांत माणूस, पण नजर करड्या मास्तराची. मी त्यांच्याशेजारी मागच्या बाकावर बसले. सृष्टीने ग्लासात साखर टाकून ढवळली. साखर कुठे गेली? पाण्यात. दुसऱ्या ग्लासात वाळू टाकली. वाळूचं काय झालं? खाली बसली. मग तिसरा प्रश्न. साखरेसारखं पाण्यात मिसळून जाणारं आणि वाळूसारखं न मिसळणारं, तुम्ही अजून कुठे पाहिलंय?

वर्ग चिडीचूप. चाळीस तोंडं बंद. मी मनात म्हटलं, शाब्बास गं पोरींनो. आता सृष्टीने फक्त ते ठरलेलं वाक्य म्हणायचं होतं की गंगेत घोडं न्हालं.

पण तिने ते म्हटलं नाही. ती दुसऱ्या बाकाकडे बघत राहिली. तिथे गीता नावाची एक किडकिडीत मुलगी होती, तिचा हात अर्धा वर आला होता आणि पुन्हा खाली गेला होता. सृष्टी तिच्यापाशी गेली आणि मऊ आवाजात तिला विचारलं, तुला ठाऊक आहे ना? सांग की.

गीता उभी राहिली. तिने सरळ माझ्याकडे बोट केलं.

"पता है, दीदी. पर उन मॅम ने बोलने को मना किया है."

कपाळ माझं! धरणीने पोटात घेतलं असतं तर मी तिकीट काढून गेले असते. शुक्लांनी पेन खाली ठेवलं. सृष्टीने माझ्याकडे पाहिलं. असं कुणी माझ्याकडे आजवर पाहिलं नव्हतं. मला वाटलं, संपलं, आता ही जानेवारीसारखीच थिजणार आणि यावेळी ते पाप माझं.

ती गीताकडे वळली. "मॅमशी मी बोलेन," ती हिंदीत म्हणाली. "तू सांग."

मग गीता सांगायला लागली. तिची आई चिकनचं काम करते, म्हणजे कापडावरचं इथलं भरतकाम. कुर्त्यावर आधी निळीने नक्षी छापलेली असते, आई त्या नक्षीवर पांढरा धागा भरते. काम झालं की कुर्ता धुवायला जातो. नीळ पाण्यात निघून जाते, धागा तिथेच राहतो. सृष्टीने विचारलं, मग नीळ साखरेसारखी की वाळूसारखी? निम्मा वर्ग ओरडला. अजून तिघी-चौघी उठल्या, त्यांच्याही घरी तेच काम. एकीने शंका काढली, नीळ जाते तर पाणी निळं का होतं, साखरेचं पाणी तर तसंच दिसतं. हे आमच्या वहीत कुठेच नव्हतं. सृष्टीने वही मिटून टेबलावर ठेवली आणि ती शंका सगळ्या वर्गाला विचारली. मग फळ्यावर दोन शब्द लिहिले, घुलनशील आणि अघुलनशील, म्हणजे विरघळणारं आणि न विरघळणारं, आणि घंटा होईपर्यंत त्या पोरी एकमेकींशी भांडत राहिल्या. पोरांना शिकवताना इतकी सुंदर दिसलेली मुलगी मी पाहिली नव्हती, आणि मी तिथे चोरासारखी बसले होते.

पाठ संपल्यावर शुक्लांनी मला मुख्याध्यापिकेच्या खोलीत बोलावलं. त्यांनी विचारलं, ती मुलगी म्हणाली ते खरं का? मी म्हटलं, खरं. सृष्टीला काही ठाऊक नव्हतं, शिक्षा द्यायची तर मला द्या. ते म्हणाले, पढवलेल्या वर्गावर घेतलेला पाठ रद्द होतो, नियम तुम्हाला माहीत आहे. मी हात जोडले. बावीस वर्षांत मी कुणापुढे हात जोडले नव्हते, तिथे जोडले. त्यांनी गुणांचा कागद पुढे ओढला.

"लीलाजी," ते म्हणाले, "तुम्ही वर्गाला गप्प बसायला पढवलं होतं. तिने तो बोलता केला. तिच्या पाठात पढवलेलं काही नव्हतंच." आणि त्यांनी गुण लिहिले. माझ्याबद्दल प्राचार्यांना पत्र जाईल, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं. ते गेलं. पुढच्या वर्षी मला पाठ तपासायला पाठवणार नाहीत, आणि बरोबरच आहे ते.

बाहेर आले तर सृष्टी पायऱ्यांवर बसली होती. मी तिला सांगितलं, पास झालीस. मला वाटलं उड्या मारेल. ती उठलीसुद्धा नाही. मग मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "मॅम, तुम्हाला वाटलं ना, मी परत तसंच करेन?"

 

"वाटलं, बाळा," मी म्हटलं. "चुकलं माझं."

ती सरकली आणि माझ्यासाठी पायरीवर जागा केली. मी बसले. तिने माझा हात हातात घेतला.

"मलापण तसंच वाटत होतं," ती म्हणाली.